शिमग्याला उघडा राहिलेला लॉज

रत्नागिरीच्या बाजारपेठेत दोन कापडदुकानांच्या मधून एक लाकडी जिना वर जातो. जिन्याच्या तोंडाशी पाटी आहे, पण ती रस्त्यावरून दिसत नाही. ज्याला माहीत आहे तोच वर चढतो. मुंबईहून बोटी येत होत्या त्या काळात बोटीचे उतारू, कोर्टाच्या तारखांना आलेले पक्षकार आणि सुपारीचे व्यापारी यांच्यासाठी हा लॉज बांधला गेला. भिंती जांभ्याच्या, हातभर जाड. खाटा सागवानी आणि इतक्या जड, की खोली झाडताना त्या कुणी हलवत नाही. झाडू खाटेखाली जाईल तेवढा जातो. बोटी बंद झाल्या, उतारू गेले आणि त्यांच्या जागी आम्ही आलो, फिरतीवरची माणसं.

मी कोल्हापूरच्या एका लहान प्रकाशनाची पुस्तकं शाळांना आणि वाचनालयांना दाखवत फिरत असे. एकटी बाई खोली मागायला आली की लॉजवाल्यांचे चेहरे कसे होतात हे मला तोवर पाठ झालं होतं. कुणी म्हणे जागा नाही, कुणी म्हणे बरोबर कोण आहे. इथल्या मालकीणबाईंना सगळे काकू म्हणत. पांढऱ्या केसांच्या, चष्मा कपाळावर चढवलेल्या काकूंनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"लग्न झालंय?"

"नाही."

"मासे खातेस?"

"खाते."

"मग ये."

त्यांनी मला स्वयंपाकघरालगतची, स्वतःच्या शेजारची खोली दिली. तेव्हापासून रत्नागिरीला आले की मी तिथेच उतरत असे. सकाळी मालगुंडच्या किंवा पावसच्या शाळेकडे जाणारी एस.टी. पकडायची, दिवसभर मुख्याध्यापकांच्या खोलीबाहेर बाकावर बसायचं आणि संध्याकाळी पिशवी टेकवून लांब टेबलाशी जेवायला यायचं. त्या लॉजची रीत अशी, की रात्रीचं जेवण एकाच पंक्तीला. खोलीत ताट मिळत नाही, उशिरा आलेल्याला वेगळं वाढत नाहीत. मोठ्या कंपनीचा साहेब असो की माझ्यासारखी पुस्तकवाली, मांडीला मांडी लावून बसायचं. मला ही रीत फार आवडे. बाहेरच्या जगात ज्या समतेसाठी भांडावं लागतं ती इथे भाताबरोबर वाढत असत.

हे असलं बोलणं मला घरातूनच लागलं. माझे वडील छापखान्यात खिळे जुळवत. आमच्याकडे गोष्टीची पुस्तकं थोडी आणि पत्रकं फार. पाण्याची, हुंड्याविरुद्धची, संपाची, मोर्चाची. रविवारी आई, मी आणि भाऊ मिळून त्यांच्या घड्या घालत असू. 'कमळ', 'बगळा' वाचायच्या आधी मला 'जाहीर निषेध' वाचता येत होतं.

टेबलाशी नेहमीचे म्हणावेत असे दोघे होते. एक औषधांच्या कंपनीचा प्रतिनिधी, ज्याला सगळे चेष्टेने डॉक्टर म्हणत; दुसरे मिरकरवाड्याच्या बंदरावर मासेमारी ट्रॉलरच्या इंजिनांचे सुटे भाग विकणारे, पोट सुटलेले, मोठ्याने हसणारे इंजिनवाले. आणि वाढायला मामा. मामा त्या लॉजचे आचारी. संगमेश्वराच्या वरच्या अंगाला त्यांचं गाव. पन्नाशीचा, सडपातळ, तापट माणूस. कालवण चांगलं झालं असेल तर ते पंक्तीच्या टोकाला उभे राहून आमची तोंडं पाहत. कुणी काही बोललं नाही तर भांडं आपटून आत जात.

लॉज वर्षातून दोनदा बंद असे, गणपतीला आणि शिमग्याला. मामा गावाला जात आणि मामा नाहीत म्हणजे चूल नाही. फिरतीवरची माणसं आपली फेरी त्याप्रमाणे आखत. नवख्या कुणी तक्रार केली तर इंजिनवाले म्हणत, "कोकणात शिमग्याला काम मागतोस? तुझी घरची माणसं कुठली रे?"

त्या वर्षी मी शिमग्याच्या आठवड्यात पोचले, एक रात्र काढून दुसऱ्या दिवशी निघायच्या बेताने. पंक्तीला मामांनी भाताचं पातेलं असं ठेवलं की टेबल हललं.

"काय झालं?" मी विचारलं.

"बंद नाही यंदा," डॉक्टर हळूच म्हणाला. "मुंबईचे आंब्याचे व्यापारी येतायत. वरचा सगळा मजला घेतलाय."

"मग मामा?"

"मामा इथे."

आंब्याची पहिली पेटी शिमग्याच्या सुमाराला निघते. बागा ठरवायला व्यापारी तेव्हाच येतात. काकूंनी त्यांना हो म्हटलं होतं.

जेवण झाल्यावर मी स्वयंपाकघरात गेले. मामा नारळ फोडत होते.

"जायचंय ना तुम्हाला?"

"जायाचं म्हंजे?" त्यांनी कोयता खाली ठेवला. "शिमग्याला देवाची पालखी देवळाच्या पायऱ्या उतरते ना, तेव्हा फुडच्या दांडीला पयला खांदा आमच्या घरचा. आज्याचा होता, बापाचा होता. मंग मोठ्या भावाचा. भाऊस मुंबयत पाय मोडून पडलाय. मी न्हाय गेलो तर भावकीतला कोन तरी फुडं होनार. एकदा गेला मान की गेला. परत कोन देतो?"

मी गप्प बसायला हवं होतं की नाही, हे मला आजही ठरवता येत नाही. मी बोलले.

"आणि तुमच्या गावात ज्यांना खांदा लावूच देत नाहीत, त्यांचं काय मामा?"

"ते देवाला इचार."

"देवाला कशाला? ठरवता तर तुम्हीच."

"मंग तू ये नि ठरव." ते एकदम हसले. "बायमानसानी तर दांडीला हात पन लावायचा न्हाय. तुझा बी नंबर न्हाय, जा!"

मी खोलीत आले तेव्हा चिडलेली होते, पण नेमकी कुणावर ते कळत नव्हतं. घराण्याने चालत आलेला मान ही गोष्ट मला लहानपणापासून अन्यायाच्या यादीत शिकवलेली होती आणि ती शिकवण चुकीची आहे असं मला वाटत नाही. त्या गावातही एक वाडी असणारच, जिच्या दारात पालखी जात नाही. पण हा माणूस वर्षभर दुसऱ्यांसाठी रांधतो आणि त्यातले चार दिवस मागतो. ते चार दिवस त्याने झोपून काढावेत की पालखीखाली, हे मालकाने विचारू नये, तसं मीही विचारू नये. रजा ही रजा. हे मी मनाशी ठासून म्हटलं. टोचायचं ते तरीही थोडं टोचत राहिलं.

मला एकच उपाय येत होता. मी कागद घेतला आणि पत्रक लिहिलं. सकाळी चहाच्या आधी ते मामांना वाचून दाखवलं. पिढ्यान्‌पिढ्या राबणारे हात, मालकवर्गाची नफेखोरी, हक्काची सुट्टी. मामा लक्ष देऊन ऐकत होते. शेवटी म्हणाले, "झ्याक लिवलंस. पन ही बाय कोन?"

"कोण बाई?"

"ही, जिला एवढं बोललीस ती. ही आमची काकू न्हाय. काकूनं माझ्या पोरीच्या लग्नात सोताच्या हातानं पापड लाटले. ही दुसरीच कोन तरी हाय."

"म्हणून रजा मागायची नाही?"

"मागितली की. न्हाय म्हनाली." त्यांनी चहा गाळला. "आता भांडनार. पन माझ्या तोंडानं. कागदावरनं नको."

भांडले मात्र नाहीत. दोनदा काकूंच्या दारापर्यंत गेले आणि तेल संपलंय असं सांगून परत आले. तेव्हा मीच काकूंकडे गेले. पत्रक हातात होतं. त्यांनी ते मागून घेतलं, चष्मा कपाळावरून नाकावर ओढला आणि सगळं वाचलं.

"अक्षर छान आहे गो तुझं," त्या म्हणाल्या. "नफा कुठे दिसला तुला?"

"काकू, तो माणूस..."

"तो माणूस मला तुझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. ऐक. एस.टी. स्टँडजवळ नवं हॉटेल झालंय. खोलीत नळ, खोलीत संडास. माझ्याकडे परसात जायचं, बंबातलं पाणी बादलीने न्यायचं. लोक माझ्याकडे येतात ते ह्याच्या हातचं खायला. व्यापारी आता आले आणि त्यांना बरं वाटलं, तर अख्खा मोसम इथेच उतरतील. नाही म्हटलं तर ते तिकडे जातील आणि पुढच्या वर्षी इकडचा जिना विसरतील. मग ह्याला बारा महिने सुट्टी. ती चालेल तुला?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं असं नाही. माझ्याकडे उत्तरं पुष्कळ होती, पण ती सगळी मोठ्या कारखान्यांच्या मालकांसाठी तयार केलेली होती. मी म्हटलं, "तुम्ही रांधा."

काकूंनी दोन्ही मनगटं पुढे केली. सांधे सुजलेले होते. "वाटीभर चहाचं आधण उतरवताना हात थरथरतात माझे. चुलीपाशी उभं राहायला कुणी असेल तर जाऊ दे त्याला. मी काय राक्षसीण आहे?"

मी निघायचा बेत रद्द केला आणि ही गोष्ट रात्री टेबलाशी मांडली. डॉक्टरने सुटकेचा श्वास सोडला. "मग प्रश्न मिटला की! ताई आहेतच."

"ताई आहेत म्हणजे?"

"म्हणजे... स्वयंपाकाला."

मी काय काय बोलले ते सगळं आठवत नाही. बाई जन्माला येताना हातात पळी घेऊन येते का, हे नक्की विचारलं. माझ्या आईने मला रांधायला शिकवलं नाही, कारण तिला स्वतःलाच त्यासाठी वेळ नव्हता, हेही सांगितलं. इंजिनवाले ताटावर हात धरून हसत होते.

"डॉक्टर, इंजेक्शन द्या स्वतःला," ते म्हणाले. मग माझ्याकडे वळून, "पण ताई, एक शंका. कामगार रजेवर जातो आणि त्याच्या जागी दुसरे उभे राहतात, त्याला तुमच्यात काहीतरी वाईट म्हणतात ना?"

"संप फोडणारे."

"मग आपण तेच?"

चेष्टेत विचारलं होतं, पण मला ते लागलं. मामा पंक्तीच्या टोकाला उभे होते. मी त्यांनाच विचारलं, "मामा, तुमच्या जागी आम्ही उभे राहिलो तर तुमच्या विरुद्ध होईल का?"

"जेवान बिघडलं तर होईल," मामा म्हणाले. "लोक म्हनतील मामाची चव गेली."

"मग सगळ्यांनी मिळून करायचं," मी म्हटलं. "मी एकटी नाही. डॉक्टरही विळीवर बसणार."

मामांनी अट घातली. व्यापारी येण्याच्या आदल्या दिवशी आम्ही पूर्ण जेवण करून दाखवायचं. ते दाराशी पाटावर बसणार आणि कशालाही हात लावणार नाहीत. जमलं तर ते दुपारची एस.टी. धरणार. नाही जमलं तर राहणार. त्यांना कुणी थांबवलं नसतं आता; काकूंनी हो म्हटलंच होतं. पण आपल्या नावाचं जेवण बिघडलेलं मागे टाकून जायला ते तयार नव्हते. एका खांद्यावर पालखी होती आणि दुसऱ्यावर पातेलं.

त्या सकाळी इंजिनवाल्यांनी मिरकरवाड्याहून सुरमई आणली. आयुष्य बंदरावर गेल्यामुळे मासे आपल्याला कळतात असा त्यांचा दावा होता. मासे ओळखणं आणि मासे शिजवणं यांत फरक आहे हे मामा पाटावरून बोलत नव्हते, पण त्यांचे गुडघे हलत होते. डॉक्टरने नारळाबरोबर बोट खवलं आणि बॅगेतल्या नमुन्याच्या मलमातलंच थोडं लावलं. "कंपनीला कळवा, चांगलं आहे," इंजिनवाले म्हणाले. माझ्याकडे भात होता. तो खाली लागला. मी वरचा तेवढा काढून घेतला आणि करपट वास जावा म्हणून खिडकी उघडली, काकूंनी बाहेरून विचारलं, "काय गो, काय जळतंय?" आणि मी म्हटलं, "शेजारी." मामा तेवढं एकदाच हसले.

शेवटी त्यांच्यापुढे ताट आलं. एस.टी.ची वेळ होत आली होती. त्यांची पिशवी दाराला टेकवलेली, वर धुतलेला फेटा. त्यांनी भात चाचपला, कालवणाचा घास घेतला आणि डोळे मिटले. मग दातांखालून एक काळसर फळ काढून तळहातावर घेतलं.

"तिरफळं कुनी टाकली?"

"मी," इंजिनवाले अभिमानाने म्हणाले.

"सुरमयत?"

तिरफळ बांगड्याच्या कालवणात घालतात. सुरमईला त्याची गरज नसते, हे मला त्या दिवशी कळलं. मामा ताटाकडे बघत राहिले. खाली रस्त्यावर टांग्याची घंटा वाजली. मग त्यांनी हात धुतला, पिशवी उचलली आणि म्हणाले, "मुंबयवाले हायत. त्यांना वाटंल रत्नांग्रीत असंच करतात."

व्यापारी आले. आम्ही बिनतिरफळांची सुरमई करायची ठरवली होती, पण बाजारात त्या दिवशी सुरमई नव्हतीच, सरंगा मिळाला. आणि सवय म्हणा की भीती म्हणा, इंजिनवाल्यांनी पुन्हा चार तिरफळं टाकली. व्यापाऱ्यांपैकी एका जाड चष्मेवाल्याने घास थांबवला.

"हे काय?"

"इथली पद्धत," इंजिनवाले गंभीरपणे म्हणाले.

"मी देवगडचा आहे," तो गृहस्थ म्हणाला. "असला सरंगा नेला तर आई मला उंबऱ्यातून परत पाठवेल. आचारी कुठे आहे तुमचा?"

काकूंनी सरळ सांगितलं, "शिमग्याला गेलाय. घरचा मान आहे त्याचा."

त्या देवगडकराने पुन्हा घास घेतला. "आणि आम्ही इथे बागा मोजतोय," तो म्हणाला आणि त्याने सगळं संपवलं. बाकीच्यांना मात्र गावाशी आणि मानाशी काही देणंघेणं नव्हतं. त्यांतले दोघे सकाळी बादली घेऊन रांगेत उभे राहिले आणि दुपारी सामान उचलून नव्या हॉटेलात गेले. मोसमभर वरचा मजला अर्धाच भरला. काकूंनी आम्हाला एका शब्दाने दोष दिला नाही. पण संध्याकाळी त्या गच्चीच्या दारात बसत तेव्हा त्यांचं लक्ष रस्त्यावर असे, एस.टी. स्टँडच्या दिशेने.

मी मुक्काम वाढवत राहिले होते. मामा परतले तेव्हा त्यांच्या कानात गुलाल होता आणि उजवा खांदा सुजलेला. जिना चढतानाच ओरडले, "ऱ्हायला!" मान राहिला होता. पालखीला यंदा जोर किती होता, भावकीतला चुलतभाऊ आधीच दांडीपाशी येऊन कसा उभा होता आणि मामांना बघून कसा मागे सरला, हे त्यांनी आम्हाला स्वयंपाकघरात दोनदा सांगितलं. मी त्या चुलतभावाचा चेहरा डोळ्यांपुढे आणायचा प्रयत्न केला. त्यालाही घर असेल, त्यालाही बाप होता. मामांना हे मी बोलले नाही. त्यांच्या खांद्याला डॉक्टर मलम लावत होता.

काकूंनी त्यांना बोलू दिलं, जेवू दिलं आणि मग सांगितलं. यापुढे मामांनी शिमग्याला, गणपतीला बिनघोर जावं. इंजिनवाल्यांच्या ओळखीचा एक मलबारकडचा माणूस ट्रॉलरवर रांधत होता. त्याला जमिनीवर काम हवं होतं. त्याला शिमगा नव्हता, गणपती नव्हता. तो पुढच्या महिन्यापासून येणार होता.

"रजा मिळाली, मामा," मी म्हणाले. मला खरंच आनंद झाला होता.

"मिळाली," मामा म्हणाले. थोड्या वेळाने, चूल सारवता सारवता, "म्हंजे आता मी नसलो तरी भागतंय."

पुढच्या वर्षी मी मुद्दाम शिमग्याच्या तोंडावर गेले. लॉज उघडा होता. वर व्यापारी होते, चष्मेवाला देवगडकरही होता. स्वयंपाकघरात दोन चुली पेटलेल्या. मलबारकडचा आचारी तरुण होता, अबोल, हाताने झपाट्याचा. मामांची पिशवी भरून दाराशी ठेवलेली होती. भावाचा पाय बरा झाला होता आणि पहिला खांदा आता पुन्हा भाऊच देणार होता. मामांना जावंच लागेल असं काही उरलं नव्हतं. जायची मोकळीक तेवढी होती.

"अरे जा, गाडी चुकेल," काकू सांगत होत्या. "हा आहे ना इथे."

मामा डबे झाकत होते, झाकलेले पुन्हा उघडत होते. गेल्या वर्षी ज्या रजेसाठी ते काकूंच्या दारापर्यंत जाऊन परत येत होते, ती आता दार उघडून उभी होती आणि त्यांचा पाय निघत नव्हता. मला वाईट वाटलं, पण रजा मागितली हे चुकलं असं वाटलं नाही. माणसाला सुट्टी मिळायची तर त्याच्यावाचून कुणाचं अडणार नाही अशी सोय करावी लागते आणि आपल्यावाचून अडतं यावरच तर माणूस वर्षभर उभा असतो. याचं उत्तर आमच्या घरच्या कोणत्याही पत्रकात मी वाचलेलं नव्हतं. आताही मला ते लिहिता येणार नाही.

जिन्याशी ते थांबले. "ताय, हायस ना हितं चार दिस?"

"आहे."

"मंग जेवताना काकूला बोल. मामाच्या हातची चव न्हाय म्हनून."

"बोलेन."

ते उतरून गेले. त्या रात्री पंक्तीला सार वाढलं. उत्तम झालं होतं. आंबटपणा नेमका, नारळ जाड नाही की पातळ नाही. मी काकूंकडे बघून म्हटलं, "मामांच्या हातची चव नाही." काकूंनी मान खाली घातली आणि भात कालवत राहिल्या. नवा आचारी पळी घेऊन माझ्या मागेच उभा होता. त्याला मराठी अजून बेताचंच कळत असे. मी त्याच्या जेवणाबद्दल काहीतरी बोलले एवढं त्याला समजलं असावं. त्याने मान डोलावली आणि माझ्या वाटीत आणखी एक पळी सार घातलं.